जादा चुलीस निम्मा दर

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. घरी जाऊन, जेवून, शांत डोक्याने वगैरे नाही, आत्ता. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसलेय, प्रोजेक्टची प्रिंट काढायला आले होते, ती राहिली बाजूला, कारण मधेच ताईचा फोन आला आणि मी एवढ्या मोठ्याने हसले की शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा हेडफोन काढून बघायला लागला. तास संपत आलाय, त्यामुळे धडाधड टाइप करतेय. काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

ताई म्हणजे माझ्या धाकट्या काकांची मुलगी. वर्षभराने मोठी, पण वागते अशी की जणू मला तिनेच मोठं केलंय. गेल्या वर्षी लग्न झालं तिचं, नाशिकमधेच. तर फोनवर ती म्हणाली, "अगं, आपल्या वॉटर पार्कने मेंबरशिप काढलीय. सिल्व्हर आहे, गोल्ड आहे आणि अजून एक आहे त्यात लाइनीत उभंच राहायचं नाही. मी काउंटरवरूनच बोलतेय. आणि ही इथली मुलगी मला विचारतेय की तू माझी कोण लागतेस."

मी म्हटलं, "मग सांग ना."

ती म्हणाली, "सांगितलं. तिला पटत नाहीये."

पुढे काय झालं ते शेवटी. आधी मागचं सांगितल्याशिवाय तुम्हाला यातली मजाच कळणार नाही.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि मधल्या पट्ट्यात कोथिंबीर-मेथी. पहाटे फुलं तोडायची, टेम्पोत भरायची, टेम्पो फुलबाजारात जायचा आणि सकाळीच रिकामा होऊन परत यायचा. हा रिकामा टेम्पो लक्षात ठेवा. घरात आबा म्हणजे माझे आजोबा, त्यांची मुलं, सुना, आम्ही पोरं, शिवाय एक आत्या जी सासरी कमी आणि आमच्याकडे जास्त असायची. किती जण होतो ते मला आजही नीट सांगता येत नाही, कारण मोजायला लागलं की कोणीतरी बाहेरून यायचं नाहीतर बाहेर जायचं.

वॉटर पार्क सुरू झाला तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. हायवेच्या बाजूला, गावाच्या जरा बाहेर. आकाशपाळणा, कोलंबस, टोराटोरा हे सगळं होतंच, पण खरी गंमत पाण्याची. पहिल्या उन्हाळ्यात माणशी तिकीट होतं. आबांनी दर ऐकला आणि म्हणाले, "पान्यात पडायचे पैसे? इहीर काय वाईट हाय का आपली?" विहीर वाईट नव्हतीच. आम्ही सगळी पोरं तिथेच पोहायला शिकलेलो. पण विहिरीला काळा बोगदा नव्हता.

काळा बोगदा म्हणजे एक घसरगुंडी. उंच जिना चढून जायचं, वर एका काळ्याकुट्ट पाइपाचं तोंड, त्यात ट्यूबवर बसून सुटायचं, आत काहीही दिसत नाही, नुसतं पाणी, वळणं आणि आपलाच आवाज, आणि मग खाली धाडकन उजेड. ती ट्यूब दोन भोकांची असायची. एकजण पुढे, एकजण मागे. एकट्याला सोडायचे नाहीत. हे आम्हाला वर्गातल्या एका मुलीने सांगितलं होतं, तिच्या मामाने नेलं होतं तिला. ताई तेव्हापासून रोज झोपताना म्हणायची, "मी पुढे, तू मागे." आम्ही तोवर पार्कच्या गेटसमोरूनसुद्धा गेलो नव्हतो.

दुसऱ्या उन्हाळ्यात पेपरमधून एक गुलाबी पत्रक पडलं. उन्हाळी पास. एक कुटुंब, एक पास. सुट्टीभर कितीही वेळा या. पहिल्या वर्षी गर्दी झाली नसणार, म्हणून ही युक्ती. ताई ते पत्रक घेऊन सरळ आबांकडे. आबा मेथीच्या जुड्या बांधत बसलेले.

"आबा, कुटुंब म्हणजे किती माणसं?"

"जितकी असतील तितकी. त्याला काय माप असतंय व्हय?"

"मग एका पासवर आपण सगळे?"

आबांनी जुडी खाली ठेवली. पत्रक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. मग म्हणाले, "टेम्पो कधी येतो बाजारातनं?"

अशी आमची पहिली स्वारी निघाली. रिकाम्या टेम्पोत खाली गोणपाट, त्यावर आम्ही, सगळ्यांच्या मांडीवर डबे, आणि फटीफटीत अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्या. गेटवर टेम्पो थांबला आणि माणसं उतरायला लागली. उतरतच राहिली. गेटवरचा माणूस आधी हसत होता, मग हसायचा थांबला, मग मागे सरकला.

"काका, हे सगळे?"

"सगळे," आबा म्हणाले.

"एक कुटुंब?"

"एका चुलीचे हाय आम्ही. इचारा कुनालाबी."

तो बिचारा खरंच विचारायला आत गेला. आतून मालक आले, सफारीतले. मालक आपल्याच भागातले, आधी द्राक्षाच्या खोक्यांचा धंदा होता म्हणे त्यांचा. त्यांनी आबांना पाहिलं, टेम्पो पाहिला, आत्याच्या काखेतला भाकऱ्यांचा डबा पाहिला आणि म्हणाले, "एक चूल असेल तर एकच पास. सोड रे." आणि वर कौतुकाने मान हलवली. आम्हाला वाटलं आबांनी जिंकलं. खरं तर मालकांना त्याच क्षणी एक कल्पना सुचली होती, आणि ती कल्पना त्यांना चांगलीच महागात पडणार होती.

पण ते नंतर. आधी पाणी. पाण्यात उतरायला नायलॉनचे कपडे लागायचे, तिथेच भाड्याने मिळायचे. आई आणि काकू दोघी गुडघ्याखाली येणारी जांभळी पँट आणि कोणाचातरी आधीचा टी-शर्ट घालून बदलायच्या खोलीतून बाहेर आल्या आणि एकमेकींकडे बघून तिथेच जमिनीवर बसल्या हसत. आईला मी तशी हसताना आधी कधीच पाहिलं नव्हतं. काकू इगतपुरीची. तिकडे पावसाचे चार महिने नुसतं पाणी, त्यातच वाढलेली बाई, ती लाटांच्या तलावात अशी शिरली की जणू माहेरीच आली. आणि आम्ही सगळे शिरलो तसे आमच्या केसांत अडकलेले झेंडू सुटले. सगळ्या तलावभर केशरी पाकळ्या. तलावावर लक्ष ठेवणारा शिट्टीवाला काठावर धावत आला. "पाण्यात पूजा कोण करतंय?"

आणि काळा बोगदा. ताई पुढे, मी मागे. आत शिरताना मी डोळे मिटले, मग लक्षात आलं उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच, म्हणून उघडले. ताई आतून ओरडत होती, "आहेस का?" मी ओरडत होते, "आहे." बस, एवढंच. प्रत्येक वळणावर तेच. आहेस का, आहे. खाली येऊन पडलो तेव्हा दोघींचाही आवाज बसलेला. लगेच परत जिना.

पुढच्या वेळी गेलो तर गेटवर नवी पाटी. "कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे." ही ती मालकांची कल्पना. त्यांचा हिशेब असा की लोक शेजारीपाजारी, मित्रबित्र घेऊन येतात ते यामुळे बंद होईल. सिडकोतल्या चौकोनी कुटुंबांना ते बरोबर लागूही पडलं. पण मालक स्वतः या भागातले असून विसरले की नाशिकच्या भोवताली भाजी आणि फुलं पिकवणारी निम्मीअधिक घरं तेव्हा एका चुलीची होती. महिन्याभरात पार्किंगमध्ये मोटारी कमी आणि टेम्पो जास्त. एक घर तर ट्रॅक्टरला ट्रॉली लावून आलेलं, ट्रॉलीत खुर्चीवर त्यांची पणजी. आमच्या आबांना आता तिथे ओळखी निघाल्या. ते पाण्यात उतरायचेच नाहीत, चपला ठेवायच्या जागेजवळच्या झाडाखाली बसून बाकीच्या टेम्पोंतल्या आबांशी कोथिंबिरीचे भाव बोलायचे.

सुट्टी संपली. पाऊस, शाळा, गणपती, दिवाळी. आणि दिवाळीनंतर आमच्या घरात एक छोटीशी गोष्ट झाली.

आमच्याकडे रात्री भाकरी. काकूला भाताशिवाय जेवल्यासारखंच वाटायचं नाही. इतकी वर्षं तिने चालवून घेतलं, मग काकांनी तिला एक छोटा सिलिंडर आणून दिला, तो असतो ना, ज्याच्या डोक्यावरच शेगडी बसलेली असते. तो तिने आपल्या खोलीत ठेवला. भातापुरती. मग भात आहे तर वरण हवं, म्हणून वरण. वरण आहे तर मग जेवण तिकडेच कशाला न्यायचं. असं होत होत काका, काकू आणि ताई रात्रीचं त्यांच्या खोलीत जेवायला लागले. भांडण नाही, काही नाही. दुपारचं सगळं एकत्रच. पण कोणी मोठ्याने काही बोलत नव्हतं. आबा रात्री जेवताना काकांच्या रिकाम्या पाटाकडे बघायचे आणि चटणी मागायचे. चटणी ताटात असायची.

मला तेव्हा यातलं काहीही कळत नव्हतं. मला कळलं ते एकदम उन्हाळ्यात, नवीन पत्रक पडलं तेव्हा. या वेळी पिवळं. पासाचा दर वाढवलेला. आणि खाली ठळक अक्षरात: "एक चूल, एक पास. जादा चुलीस निम्मा दर. आमचा माणूस घरी येऊन खात्री करेल."

मी आणि ताई मोगऱ्याच्या वाफ्यात बसून ते वाचलं. ताईने ठळक ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आमची जादा आहे का?"

"कुठली?"

"आमच्या खोलीतली शेगडी."

मला आधी हसू आलं. मग डोक्यात हिशेब सुरू झाला. त्यांची चूल वेगळी धरली तर ताई आमच्या पासात नाही. काका निम्मा दर तरी कशाला भरतील, त्यांचं तेव्हा सिडकोत जागा घ्यायचं चाललेलं, प्रत्येक रुपया तिकडे. आणि ताई नाही तर माझ्यापुढे कोण बसणार? माझा सख्खा भाऊ? त्याला आकाशपाळण्यातसुद्धा उलटी व्हायची.

ताईने लगेच बेत केला. माणूस येईल त्या दिवशी शेगडी झेंडूच्या पाटीखाली झाकायची. आईने ते ऐकलं. "काही झाकायचं नाही," ती म्हणाली. "चोरी केलीय का कोणी? जे आहे ते दाखवायचं." पण हे म्हणताना ती आमच्याकडे बघत नव्हती.

माणूस आला भर दुपारी, स्कूटरवरून, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. सटाण्याकडचा होता. हातात पॅड आणि पेन. पाणी प्यायला, टेकला, म्हणाला, "चूल दाखवा म्हणजे जातो मी. अजून पुष्कळ घरं राहिलीत." त्याचे हाल आधीच झालेले दिसत होते. एका घरात त्याच्या मागे कुत्रं लागलं होतं म्हणे, आणि एका घरात लग्नाचं स्थळ समजून कांदेपोहे.

तर आबा त्याला घेऊन निघाले आणि मागे आम्ही सगळी वरात. अंगणात आंघोळीच्या पाण्याची चूल. त्याने पेन उघडलं. आबा म्हणाले, "ही न्हाय, ही पान्याची." गोठ्याजवळ गुरांचं आंबोण शिजवायची. "ही बी न्हाय, ही म्हशीची." मागच्या पडवीत भाकरीची. "ही भाकरीची, हिला धरा." आत स्वयंपाकघरात गॅस. "ही त्याच चुलीची, फकस्त आत हाय." मळ्यात चहाचा स्टोव्ह असतो तेही आबांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. त्या माणसाने घाम पुसला.

"म्हणजे धरायच्या किती?"

"एक," आई म्हणाली. "आमची चूल एकच."

आणि बरोबर त्याच वेळी काकूच्या खोलीतून कुकरची शिट्टी झाली.

अशी लांबलचक शिट्टी मी पुन्हा कधी ऐकली नाही. आत्याने पदर तोंडात कोंबला. ताईने माझा हात इतका घट्ट धरला की माझी बांगडी रुतली. शिट्टी संपली आणि तो माणूस अगदी हळू आवाजात, जणू त्याचीच चूक झाल्यासारखा म्हणाला, "कुकर कोणाचा?"

"माझा," काकू म्हणाली. "भात आहे. दुपारी पाहुणे येणार म्हटलं, म्हणजे तुम्हीच, म्हणून जरा जास्त टाकला."

"मग ही वेगळी चूल?"

"दुपारी एकत्रच असतो," ताई पटकन म्हणाली.

"आणि रात्री?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे. शेवटी काकूच बोलली. "रात्री वेगळं."

ते दोन शब्द आमच्या घरात पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने म्हटले होते. त्या माणसाने मान खाली घातली. "आमना घरमा बी असंच शे," तो आपल्या अहिराणीत पुटपुटला. मग स्वयंपाकघरातच एका पाटावर बसत म्हणाला, "मग असं करू. ही मोठी चूल मूळ. ही जादा. निम्म्या दरात होऊन जाईल, कोणाचं काही नुकसान नाही."

काका लगेच तयार. "लिहा. निम्म्यात होतंय तर बरंच आहे."

"थांबा," काकू म्हणाली. "जादा म्हणजे काय?"

"जादा म्हणजे, अहो, ते नुसतं लिहायचं असतं," तो माणूस म्हणाला.

"मी या घरात जादा कशी?"

"अगं, स्वस्तात होतंय," काका म्हणाले.

"स्वस्तात जादा व्हायचं नाही मला."

आई पुढे आली. "मग माझी लिहा जादा. तिची मूळ लिहा. मला काही फरक पडत नाही."

"तुमची कशी जादा, वहिनी?" काकू म्हणाली. "सगळं घर तुमच्या हातचं जेवतं."

"सगळं कुठं जेवतं आता," आई म्हणाली.

भांडल्यासारखं नाही म्हणाली. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं म्हणाली. पण काकूचा चेहरा एकदम उतरला. तो माणूस पेन वर धरून बसलेला, या दोघींच्या मधे. कधी इकडे बघत होता, कधी तिकडे. "आते काय लिखू मी?" तो कोणालातरी विचारत होता, बहुतेक देवाला.

काकू तडक निघाली. आपल्या खोलीत गेली, कुकर खाली उतरवला, शेगडी बंद केली. मग पदर खोचला, सिलिंडरच्या कडीला धरून शेगडीसकट तो उचलला आणि आमच्या सगळ्यांच्या मधून चालत स्वयंपाकघरात आणून आईच्या गॅसशेजारी ठेवला. ठक्क आवाज झाला.

"वहिनी, मी रात्री इथेच भात लावला तर तुम्हाला अडचण होईल का?"

"भाताची कसली अडचण," आई म्हणाली. "मलापण थोडा टाक. मला आवडतो. मला कोणी कधी विचारलंच नाही."

"घ्या," काकू त्या माणसाला म्हणाली. "आता मोजा."

त्याने दोन शेगड्यांकडे बघितलं, दोघींकडे बघितलं आणि पॅडवर लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "चूल, एक." आबा इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते फक्त म्हणाले, "पानं वाढा." त्या माणसाला अजून पुष्कळ घरं करायची होती, पण वांग्याची भाजी, भाकरी आणि वर काकूचा भात खाऊन तो पडवीत असा झोपला की ऊन उतरल्यावर चहालाच उठला.

तो उन्हाळा म्हणजे काय सांगू. रात्री सगळे पाट भरलेले. आबांना ताटातली चटणी दिसायला लागली. आणि टेम्पो दर दोन-चार दिवसांनी हायवेला. ताई पुढे, मी मागे. आहेस का, आहे. शिट्टीवाल्याने आमचं नावच पाडलं होतं, झेंडू पार्टी.

पाऊस सुरू झाला आणि काकांना सिडकोतल्या जागेची किल्ली मिळाली. ते गेले. छोटा सिलिंडर त्यांच्याबरोबर गेला. कोणी रुसलं नाही, आईने स्वतः त्यांच्या नव्या ओट्यावर दूध उतू घातलं. काकू त्या दिवशी भात लावताना दोनदा मोजून पुन्हा तांदूळ काढत होती, तिला कमी माणसांचं मापच जमेना.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पार्कवाल्यांनी चूलबिल सगळं काढूनच टाकलं. बहुतेक ट्रॉलीवाल्या पणजींनी शेवटचा धक्का दिला. नवीन पास: चार जण, फोटोसकट, प्लास्टिकमध्ये. आई, बाबा, मी, भाऊ. चौघांचे तोंड वासलेले फोटो. काकांनी काढलाच नाही. आम्ही एकदा गेलो. मी काळ्या बोगद्याच्या जिन्याने वरपर्यंत चढले आणि वरचा दादा म्हणाला, "जोडी कुठंय? एकट्याला नाही सोडत." मी म्हटलं येतेय मागून. मग तिथे जरा वेळ उभी राहिले, माझ्या बाजूने दोघं-दोघं सुटत होते, आणि मग मी जिना उतरून खाली आले. उलटं उतरताना तो जिना फार मोठा वाटला. त्यानंतर मी गेलेच नाही.

आणि आज हा फोन.

तर काउंटरवरची ती मुलगी. मेंबरशिप चार जणांची. ताई, तिचा नवरा, सासूबाई, सासरे. सासऱ्यांनी घरूनच सांगितलेलं, "मला त्या उलट्या खुर्चीत बसवायचं नाही, माझी जागा कोणालाही द्या." म्हणून ताईने माझं नाव सांगितलं. फोन चालूच होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, यात फक्त फॅमिली चालते. नातं काय?"

"काकांची मुलगी."

"ते ऑप्शनमध्ये नाहीये. मी 'इतर' टाकू का? इतरला थोडे एक्स्ट्रा लागतील."

मी इकडून ताईला म्हटलं, जाऊ दे गं, टाक इतर, मी भरते. पण ती ऐकतेय कुठे. आवाज डिट्टो काकूचा.

"इतर म्हणजे काय? इतर नाही टाकायचं."

"मग काय टाकू मॅडम?"

"बहीण टाका."

"सख्खी?"

"काळ्या बोगद्यात माझ्या मागे बसते ती. अजून किती सख्खी पाहिजे?"

पलीकडे टकटक, की-बोर्डचा आवाज. मग ती मुलगी म्हणाली, "बोगद्यात मीपण माझ्या मावसबहिणीबरोबर जाते मॅडम. टाकलं बहीण." इथे मी फुटले आणि तो हेडफोनवाला दचकला.

आम्ही रविवारी जातोय. ताई म्हणाली, नवऱ्याला मागे बसवून बघितलं एकदा, ट्यूब अर्ध्यात अडकली, वरून पाणी सोडून ढकलावं लागलं, तो माणूस खाली बसून नुसता बघेल. मी लगेच घरी फोन केला, तर ठरलंसुद्धा: रात्री जेवायला सगळे सिडकोत, काकू भात करणार आहे, आई भाकरी नेणार आहे. आणि आबा विचारत होते, टेम्पो लागेल का.

माझा तास संपला, स्क्रीनवर लाल अक्षरं यायला लागलीत, प्रिंट उद्या. पण जाता जाता मला खरंच सांगा. तुम्हाला कधी एखाद्या काउंटरवर कोणी विचारलंय का, की ही तुमची कोण? तुमचं कोणी कधी जादात नाहीतर इतरमध्ये गेलंय का? आणि गेलं असेल, तर तुम्ही काय लिहायला लावलंत?